मांडी घालून बसायचंय

काकांनी आमच्या क्लिनिकमध्ये एकदाही हाफ पॅन्ट घातली नाही. गुडघ्यांच्या फिजिओथेरपीला येणारा माणूस इस्त्रीची पॅन्ट आणि वर टाय लावून येतो, हे मी माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत फक्त त्यांच्याच बाबतीत पाहिलं. गुडघा दाखवा म्हटलं की ते खुर्चीत बसून पॅन्टचा पाय घड्या घालत वर घ्यायचे. प्रत्येक घडी सारख्या मापाची हवी. एखादी तिरकी पडली तर सगळा पाय खाली सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "अगं, हा गुडघा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आणखी चार मिनिटांनी काही म्हातारा होणार नाही तो."

आमचं क्लिनिक शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका छोट्या शॉपिंग सेंटरात आहे. एका बाजूला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, दुसऱ्या बाजूला दाताचा डॉक्टर. डावीकडून भुंकणं, उजवीकडून ड्रिलचा आवाज आणि मध्ये आमचे पेशंट कण्हतात. सगळ्या स्टाफमध्ये मराठी मी एकटीच. त्यामुळे मराठी आडनाव दिसलं की रिसेप्शनवाली मुलगी विचारायच्या भानगडीत न पडता तो पेशंट माझ्या नावावर टाकते. भाषा एक असली की माणूस आपोआप कळतो असा तिचा समज आहे. माझाही तोच समज होता, आणि या काकांच्या बाबतीत मी जी चूक केली ती त्या समजापायीच केली.

काका मेकॅनिकल इंजिनिअर, मूळचे अकोल्याकडचे. पन्नास वर्षांपूर्वी शिकायला म्हणून शिकागोत आले आणि राहिले. दोन्ही गुडघ्यांची झीज एवढी झाली होती की एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसायचं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा काकांनी त्यांना उत्तर दिलं होतं, "सध्या वेळ नाही." रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाला वेळ नाही, हे ऐकून डॉक्टर हसले म्हणे. मीसुद्धा हसले होते.

आपल्या गुडघ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. उजवा थोरला आणि डावा धाकटा. थोरला समजूतदार, धाकटा हट्टी. आल्या आल्या आधी त्या दोघांची खुशाली सांगायची, मग स्वतःची. "आज थोरला बरा आहे. धाकटा मात्र रुसलाय, रात्रभर कुरकुरत होता." आमची सुपरवायझर डेबी, अठ्ठावीस वर्षं याच कामात मुरलेली बाई, तिलाही त्यांनी हे शब्द शिकवले. मी सुट्टीवर होते त्या आठवड्यात तिने त्यांच्या रिपोर्टात चक्क "डाकटाला सूज" असं लिहून ठेवलं होतं. इन्शुरन्सवाल्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल कोण जाणे.

कंपासपेटीतला एक प्लॅस्टिकचा कोनमापक ते खिशात घेऊन यायचे. तो त्यांच्या मुलीचा, शाळेतला. गुडघा किती वाकतो हे आम्ही आमच्या लांब पट्ट्यांच्या यंत्राने मोजतो. मी मोजून आकडा सांगितला की काका आपला कोनमापक लावायचे आणि मान हलवायचे. "तुझं दोन अंशांनी चुकतंय." मग घरून आणलेल्या आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. थोरल्याची रेघ निळी, धाकट्याची लाल. थोरला एकशे बाराला आणि धाकटा एकशे चारला अडकला होता. दोन्ही रेघा महिनाभर आडव्याच्या आडव्या चालल्या होत्या आणि त्या बघताना काकांचा चेहरा पडायचा. मला ते इंजिनिअरचं खूळ वाटायचं.

व्यायाम करताना ते मोठ्याने मराठीत मोजायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा अंकांपर्यंत दाबून धरायची, हा सगळ्यात साधा व्यायाम. काका सातपर्यंत यायचे आणि तिथे थांबून काहीतरी सांगायला लागायचे. पंपाचं डिझाइन, शिकागोतल्या पहिल्या हिवाळ्यात गोठलेली मिशी, असलं काहीही. सांगून झालं की पुन्हा "सात" म्हणून पुढे. पाय तोवर दाबलेलाच. "काका, पस्तीस सेकंद झाले, सोडा." "का? तुझं घड्याळ दमलं?" हा त्यांचा ठरलेला टोमणा.

वेदना शून्य ते दहामध्ये किती, हा प्रश्न आम्हाला रोज विचारावाच लागतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला उलट विचारलं, "दहा म्हणजे काय? आधी व्याख्या कर." नंतर मात्र ते रोज एकच आकडा सांगू लागले. तीन. बर्फ पडून हवा जड झालेली असो, कारमधून उतरून दारापर्यंत यायला दहा मिनिटं लागलेली असोत, आकडा तीनच. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, खरं सांगा हो. तुमचे ओठ पांढरे पडलेत." ते म्हणाले, "चार म्हटलं की तू प्रश्न विचारतेस. तीनवर तू टाइप करून गप्प बसतेस." खरं होतं ते. तीनवर मी गप्प बसत होते.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येते. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, पेशंटचं गोल. म्हणजे तुम्हाला या थेरपीतून काय साधायचंय. अमेरिकन म्हातारे सांगतात, गोल्फ खेळायचंय, कुत्र्याला फिरवायचंय, नातीच्या लग्नात नाचायचंय. मी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"मांडी घालून बसायचंय. जमिनीवर. आणि आपलं आपण उठायचंय."

मला हसू आलं. माझ्याकडे येणारा दर दुसरा मराठी पेशंट हेच सांगतो. कुणाला सत्यनारायणाला बसायचं असतं, कुणाला गणपतीला. त्यांच्यासाठी माझं एक भाषण अगदी पाठ झालेलं आहे. ते मी काकांनाही ऐकवलं.

"काका, आता जमिनीचा नाद सोडा. देवाला खुर्चीवरून केलेली पूजासुद्धा पोचते. मंडळात तर सगळे गुरुजी स्टुलावर बसतात हल्ली. तुमच्या गुडघ्यांना मांडी म्हणजे शिक्षा आहे."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तोवर टाइप करत होते: पेशंट साध्या उंचीच्या खुर्चीत अर्धा तास विनावेदना बसेल आणि हाताचा आधार न घेता उठेल. काकांनी मान वाकडी करून स्क्रीन वाचला.

"हे मी म्हटलेलं नाही."

"इन्शुरन्सला असंच लागतं, काका. फंक्शनल गोल लागतं, म्हणजे रोजच्या कामाचं. जमिनीवर बसणं त्यांच्या लिस्टमध्येच नाहीये."

"बरं," ते म्हणाले. "मग हे तुझं गोल झालं."

तेव्हापासून ते तसंच म्हणायचे. दर दहा भेटींनंतर आम्हाला प्रगती कळवावी लागते. मी उत्साहाने सांगायचे, काका, खुर्चीतून उठायचा वेळ निम्म्यावर आला. ते म्हणायचे, "वा. तुझं गोल छान चाललंय." आणि पॅन्टच्या घड्या सोडता सोडता पुढे, "गोल म्हणजे मराठीत वाटोळं, माहितेय ना?" मी खळखळून हसायचे. त्यांच्या कोट्या मी घरी नवऱ्याला सांगायचे. पहिल्या दिवशी माझ्याऐवजी डेबीने त्यांना विचारलं असतं तर तिने पुढचा प्रश्न नक्की विचारला असता, कारण तिला मांडी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. का बसायचंय, कुठे बसायचंय, दिवसातून किती वेळा, किती वेळ. आम्हाला शिकवलेलंच असतं तसं. मी नाशिकची, मला सगळं ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

डिसेंबरात त्यांच्या कोपरांवर खरचटल्याच्या खुणा दिसायला लागल्या. तळहातांवर घट्टे आणि एकदा कपाळावर टेंगूळ. "पडलात का?" "नाही गं. गॅरेजमध्ये शेल्फ लावत होतो." सतत शेल्फ लावणारा म्हातारा मी नवीनच बघत होते. दुसऱ्याच आठवड्यात वेटिंग रूममध्ये ते फोनवर बोलत बसले होते. मुलगी चँडलरला असते, विमानाने चार तासांवर, चिप बनवणाऱ्या कंपनीत. स्पीकर चालू होता, त्यामुळे तिचं सगळं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. "बाबा, प्लीज, तुम्ही दोघं इकडे मूव्ह व्हा. इथे ऊन आहे, knees बरे राहतील. And Aai needs full-time care, you know that." काकांनी "पाहू" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांची बायको आहे आणि ती आजारी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "काकूंना काय होतंय?" ते म्हणाले, "वय होतंय." आणि पॅन्टच्या घड्या घालायला बसले.

जानेवारीत एका आठवड्यात त्यांच्या दोन अपॉइंटमेंट चुकल्या. दहा मिनिटं आधी येऊन पार्किंगमध्ये बसणारा हा माणूस, न कळवता गैरहजर. फोन उचलेना. आलेखांची फाइल आमच्याकडेच राहिली होती, आणि त्यांचं घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. पेशंटच्या घरी जाणं आमच्या नियमात बसत नाही. पण शनिवारी दुपारी भाजी घ्यायला निघाले होते, ती फाइल घेऊन त्यांच्या दाराशी गेले. बेल वाजवल्यावर आतून आवाज आला, "दार उघडंच आहे. आत ये, कुणीही असशील ते."

स्वयंपाकघरात काका फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. थोरला कसाबसा दुमडलेला, धाकटा सरळ पुढे पसरलेला, गळ्यात टाय. शेजारी काकू अगदी नीट मांडी घालून बसल्या होत्या. अंगात निळं फ्लीसचं जॅकेट, पायात लोकरीचे मोजे. मध्ये ब्रेडची पिशवी आणि गार चहाचा कप. काकू ब्रेड चहात बुडवून आरामात खात होत्या. मला बघून त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, "या ना. बसा खाली."

"काका, तुम्ही कधीपासून..."

"सकाळी चहाला बसलो तो बसलोच. आज धाकट्याने उठूच दिलं नाही," काका म्हणाले. "पण एक बरं झालं. मी उठलोच नाही ना, त्यामुळे ही पोटभर खातेय."

मी त्यांना काखेतून धरून उठवलं. एवढा सुकलेला माणूस, पण त्या वेळी उचलवेना. खुर्ची ओढून त्यांना तीत बसवलं आणि पाण्याचा ग्लास भरायला वळले, तर काकू धडपडत उभ्या राहिल्या. हातातला ब्रेड त्यांनी पिशवीत परत ठेवला. जॅकेटची टोपी डोक्यावरून कपाळापर्यंत ओढली आणि फ्रिजकडे तोंड करून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकू, या, बसा ना." त्या हलल्या नाहीत.

"बघितलंस?" काका म्हणाले. "आता मी कोण आहे सांग. माझा बाप."

मग त्यांनी सांगितलं. पाणी पीत पीत, मध्ये थांबत. लग्नानंतर एक महिना ते गावी होते, मग शिकायला इकडे आले. पुढची दोन वर्षं काकू सासरी, सासऱ्यांच्या घरात. घरात खुर्ची एकच आणि ती सासऱ्यांची. ते खुर्चीत असले की सुनेने डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं आणि त्यांचं सगळं आटोपल्याशिवाय जेवायचं नाही. काकू इथे आल्यावर पुढे पंचेचाळीस वर्षं टेबल-खुर्चीवर जेवल्या. लायब्ररीत नोकरी केली, हायवेवर गाडी चालवली. पण तीन वर्षांपूर्वी विसरायला लागल्या ते अलीकडचं आधी, आणि आता त्यांच्यापाशी ती दोनच वर्षं उरली होती.

"आणि मी हुबेहूब वडिलांसारखा दिसायला लागलोय या वयात. खुर्चीत बसलो की तिला मामंजी दिसतात. मामंजींसमोर ती उपाशी राहते, दोन-दोन दिवससुद्धा. खाली बसलो की मी दिसतो. मी म्हणजे तो पंगतीत शेजारी बसणारा, लग्नाच्या महिन्यातला. मग जेवते. दिवसातून तीनदा खाली बसावं लागतं, इतकंच."

"आणि उठता कसे?"

"रांगत जिन्यापर्यंत जातो. दुसऱ्या पायरीला धरून उठतो. वीस मिनिटं लागतात. या आठवड्यात धाकट्यापायी तास-तास लागला, म्हणून तुझ्याकडे यायचं चुकलं, फोनही गाठता आला नाही."

"काका, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

त्यांनी रिकामा ग्लास बाजूला ठेवला. "सांगणार होतो. तू सत्यनारायणाचं सांगायला लागलीस. म्हटलं, हिला हसू येतंय, राहू दे. घरातलं असं कुणासमोर मांडणार? आणि मी पडतो असं तुम्ही लोकांनी लिहिलंत की पोरगी येऊन हिला कुठेतरी ठेवणार."

मी तिथे स्वयंपाकघरातच रडले. त्यांच्यासमोर रडायला नको होतं, पण रडले. कारण त्यांना हवं होतं ते अवघड नव्हतं. पुरी मांडी त्या गुडघ्यांना झाली नसती, पण सहा इंचांची कडक उशी, एक बुटका स्टूल, एक पक्की खुर्ची आणि उतरायची-चढायची नीट पद्धत, एवढ्यात अर्धीमुर्धी मांडी तीन आठवड्यांत जमली असती. तीन महिने मी त्यांना खुर्चीतून उठायला शिकवत होते.

"लिहू नकोस," मी निघताना ते म्हणाले. "मला तीन आठवडे दे. शिकव. मग लिही काय लिहायचं ते."

पेशंट पडतो हे कळल्यावर नोंद करावीच लागते, नाहीतर लायसन्स जाऊ शकतं. शिवाय पुढच्या वेळी ते डोक्यावर पडले असते तर? मी ही सगळी कारणं स्वतःला दिली. सोमवारी सकाळी मी नोंद केली आणि त्याच दिवशी दुपारी त्यांना उशीवर बसायला शिकवायला सुरुवात केली. डेबीने नियमाप्रमाणे मुलीला फोन लावला.

मुलगी गुरुवारी आली. मला वाटलं होतं मला तिचा राग येईल, पण तो आला नाही. ती क्लिनिकच्या पार्किंगमध्ये माझ्यासमोर उभी राहिली, थंडीने नाक लाल झालेलं. "मी दर वेळी चँडलरहून फ्लाय नाही ना करू शकत. बाबा पडले आणि उठलेच नाहीत, तर आई दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून राहील. तिला फोन करता येत नाही, दार उघडता येत नाही. You tell me, मी काय करू?" इथून अर्ध्या तासावर, शॉमबर्गला, विसरणाऱ्या माणसांसाठीचं एक होम आहे, तिथे इंडियन जेवण मिळतं म्हणून तिने ते निवडलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकूंना तिथे नेलं.

त्याच आठवड्यात काका आमच्या मॅटवर पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय खाली बसले आणि उठले. धाकट्यासकट. मी टाळ्या वाजवल्या, डेबीनेही वाजवल्या. काकांनी फक्त टाय सरळ केला. पुढच्या भेटीला त्यांनी कोनमापक आणला नाही, आणि नंतरही कधी आणला नाही.

होम चांगलं होतं, उबदार, स्वच्छ. तिथे सगळ्यांना खुर्च्यांवर बसवत, चार-चारच्या टेबलांशी. काका रोज जेवणाच्या वेळी गाडी चालवत जायचे. खुर्चीत बसले की काकू टोपी ओढून उठून उभ्या राहायच्या. म्हणून ते पहिल्याच दिवशी खाली बसले, तर दोन नर्स धावत आल्या. सर, तुम्ही पडलात का? दुखतंय का? अॅम्ब्युलन्स बोलावू का? पडल्याची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यांना अदबीने सांगितलं की इथे जमिनीवर बसता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. क्लिनिकमध्ये येऊन काका मला आता गुडघ्यांची खुशाली सांगत नव्हते. किती चमचे गेले ते सांगायचे. "काल चार." "आज दोन आणि थोडं दूध."

मी पत्र लिहिलं. दोन पानी, डॉक्टरांच्या सहीचं, आमच्या भाषेत जितकं भारदस्त लिहिता येतं तितकं भारदस्त. जमिनीवर बसणं ही या पेशंटची आणि त्यांच्या पत्नीची फंक्शनल गरज आहे, असं त्यात मी तीन ठिकाणी लिहिलं. जो शब्द मी पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडावर फेकला होता तोच. परवानगी यायला महिना गेला. काकू त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी गेल्या, आणि काका आता चँडलरला मुलीकडे असतात. तिथे ऊन आहे. दिवाळीला मी फोन करते तेव्हा ते नीट बोलतात, पण मोजकंच आणि कोट्या न करता.

मार्चमध्ये परवानगी मिळाली त्या दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. होमवाल्यांनी कोपऱ्यात मॅट अंथरली होती. माझी उशी, बुटका स्टूल, बाजूला हातांची खुर्ची, आणि लांब एक नर्स. काकांनी त्या दिवशी नवा टाय लावला होता. काकू मॅटवर आधीच बसल्या होत्या, खूप वाळलेल्या, जॅकेटची टोपी मागे पडलेली. समोर वाटीत वरणभात कालवलेला.

काका खुर्चीला धरून वाकले, स्टुलावर टेकले, तिथून उशीवर आले, एक पाय घेतला, दुसरा घेतला. मांडी घातली. तोंडातून हूं की चूं नाही. मी शिकवलेलं इतकं सुरेख कुणीच कधी केलेलं नव्हतं. ते काकूंकडे बघून हसले आणि म्हणाले, "चल, जेवू या."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हळूच टोपी डोक्यावर ओढली, माझ्या बाहीला धरून मला खाली वाकवलं आणि कानात कुजबुजल्या, "अहो, मामंजी खाली बसलेत. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही का? मी कशी जेवू?"

काकांनी ते ऐकलं. मला वाटलं आता हे कोसळणार. मी पुढे झाले तर त्यांनी हाताने मला थांबवलं. ते स्वतःच स्टुलावर चढले, स्टुलावरून उठले, खुर्चीत बसले. पाठ ताठ केली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. घसा खाकरला आणि मी कधीही न ऐकलेल्या एका जाड, खेड्यातल्या आवाजात बोलले, "सूनबाई, आमचं झालं. जेवून घ्या तुम्ही."

"हो मामंजी," काकू म्हणाल्या. त्यांच्याकडे पाठ करून, टोपीआड तोंड घेऊन त्यांनी सगळा भात संपवला. वाटीसुद्धा बोटाने पुसून घेतली. काका तोवर काचेतून बाहेर पार्किंगकडे बघत होते. त्यांचे डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

निघायला म्हणून ते उभे राहिले तेव्हा काकू पुढे सरकल्या आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवून त्यांनी नमस्कार केला. काका जरा थांबले. मग वाकून आपल्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव."